पिंतांची मोजणी

चौथ्या चौकटीत एकसष्ट पिंता निघाल्या, तेव्हा निन्फाने पेन्सिल दातांत धरली आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली.

"झालं ना मोजून?" होडीच्या मागच्या टोकाला लांब काठी चिखलात रोवून उभा असलेला फिलो म्हणाला. "का देवानं अजून दोन-चार पाठवाव्यात म्हणून थांबलीयस?"

"जरा गप्प बसा, पाद्रीनो. आकडा चुकतो."

"मी कुठं बोलतोय? बेडूकच बोलतायत."

खरंच बोलत होते. जानेवारीचा शेवटचा आठवडा होता. लव्हाळ्याच्या शेंड्यांवरचं दंव नुकतंच वितळलं होतं, ऊन पाण्याला लागलं होतं आणि दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद अशा आखलेल्या चौकटीतल्या एवढ्याशा पाण्यात पिंता एकमेकींच्या पाठीवर चढून बसल्या होत्या. हिरवट पाठ, तिच्यावर तपकिरी ठिपके, म्हणून नाव पिंता, म्हणजे ठिपकेवाली. सान बार्तोलोच्या दलदलीत हा बेडूक इतका, की गावातल्या पोरांना 'बेडूक' शब्द आधी येतो आणि 'मासा' नंतर.

दुसऱ्या मोजणीत बासष्ट आल्या. निन्फाने वहीत दोन्ही आकडे लिहिले. नोव्हेंबरमध्ये याच चौकटीत नऊ होत्या.

"आनंद झाला नाही वाटतं," फिलो म्हणाला.

"इतक्या कशा?"

"घ्या! कमी असल्या तरी रडणार, जास्त असल्या तरी रडणार. तोलुकाला शिकून एवढंच आणलंस?"

फिलो तिचा पाद्रीनो. बाप्तिस्म्याच्या वेळी तिला हातांत धरून उभा राहिलेला, आणि बाप गेल्यावर शाळेची पुस्तकं घेऊन देणारा. वय सदुसष्ट. दलदलीतलं प्रत्येक पाणी त्याला अंगणासारखं ठाऊक. तिला होडीत बसायला त्यानेच शिकवलं होतं. पण होडी वल्हवायला नाही. ते काम त्याचं, असं तो मानायचा. ती जीवशास्त्र शिकून परत आली आणि पिंता मोजण्याचं काम तिला मिळालं, तेव्हा दुसऱ्या कुणाच्या होडीचा प्रश्नच आला नाही.

काम समजायला सोपं होतं. देशभरच्या प्राण्यांची एक यादी असते. कुणाला धोका किती, ते त्या यादीत ठरतं. पिंता 'काळजीचं कारण नाही' या रकान्यात होती. तो रकाना वीस वर्षांपूर्वी कुणीतरी एक दिवस गावात येऊन, भरपूर बेडूक बघून भरला होता. पण पिंता जगात या एकाच खोऱ्यात राहते आणि खोऱ्यातलं पाणी दर वर्षी आक्रसतंय, हे त्या माणसाने लिहिलं नव्हतं. आता यादी नव्याने तपासली जात होती. निन्फाचा अहवाल पंधरा फेब्रुवारीला पोचायचा होता. आणि त्यात घाई अशी, की गावाच्या पूर्वेला, हमरस्त्यापलीकडे असलेलं ला मान्सा नावाचं पाणथळ भराव घालून बुजवायचं आणि तिथे गोदामं बांधायची, असं कुणा कंपनीने ठरवलं होतं. पिंता धोक्यातल्या रकान्यात गेली, तर भराव अडणार होता. नाही गेली, तर ला मान्सा संपणार होतं. बाकी काही अडवणारं नव्हतं.

पाचव्या चौकटीत पंचावन्न. सहावीत अठ्ठावन्न.

प्रत्येक चौकटीतल्या दहा बेडकांचे फोटो काढायचे असा तिचा नियम होता. पाठीवरचे ठिपके प्रत्येक पिंतेचे वेगळे असतात. त्यावरून कोणती पुन्हा सापडली ते कळतं. सहाव्या चौकटीत तिने एक जाडजूड मादी ओल्या हातात घेतली आणि फोटो काढायचं विसरून नुसती बघत राहिली. मादीच्या कमरेभोवती बारीक, फिकट वळ होता. कातडी तिथे किंचित दबलेली, जणू दोरा आवळून सोडला असावा.

दुसरी उचलली. तिलाही होता. तिसरीला नव्हता. चौथीला होता.

तो वळ कशाचा, हे तिला कुठल्याही पुस्तकात शोधावं लागलं नसतं. लव्हाळ्याची पात चिरायची, पाण्यात भिजवून मऊ करायची, बेडकाच्या कमरेला सैलसर गाठ मारायची. एका पातीत दहा-बारा. अशी माळ करून बाजारात जिवंत न्यायची. सहा वर्षांची असताना तिने स्वतः अशा माळा बांधल्या होत्या.

"पाद्रीनो, या कुणी आणल्या?"

"काय कुणी आणल्या?"

तिने मादी त्याच्यापुढे धरली. फिलोने वळ पाहिला, मग पलीकडच्या बगळ्यांकडे पाहिलं. गालात हसला.

"तुझ्या आईची गाठ असणार. ओतिलिया फार घट्ट बांधते. मी तिला सांगितलं होतं, सैल बांध म्हणून."

"आई?"

"आई, मी, त्रांकिलीना, दोन्ही रोसालेस भाऊ. सगळ्यांनीच. चाळीस घरं आहेत, पोरी. एकेका घराची एकेक माळ. कुणी दोन दिल्या." तो आता उघड खुशीत होता. "तू नोव्हेंबरमध्ये चेहरा पाडून घरी आलीस. नऊ निघाल्या म्हणालीस. गावाच्या लेकीनं मोजायला यायचं आणि तिच्या चौकटी अशा ओक्याबोक्या? बरं दिसतं का?"

निन्फाने मादी हळूच पाण्यात सोडली. फिलो पुढे बोलत राहिला. कमी बेडूक निघाले तर सरकार पकडायला बंदी घालेल, मग उपवासाच्या शुक्रवारी, मांस चालत नाही तेव्हा, ताटात काय वाढायचं, हीही भीती होतीच म्हणे. पण मुख्य गोष्ट ती नव्हे.

मुख्य गोष्ट काय ते तिला सांगायची गरज नव्हती. यंदा दोन फेब्रुवारीच्या, कांदेलारियाच्या सणाचं यजमानपद फिलोकडे होतं. त्याच्या अंगणात आत्ताच ऐंशी खुर्च्या मांडलेल्या होत्या, त्यातल्या त्याच्या सहा. बाकीच्या घराघरांतून आलेल्या. ताटं, पातेली, झुंबरासारखा एक दिवा, एवढंच काय, अंगणात फिरणाऱ्या पाच टर्की कोंबड्यासुद्धा शेजाऱ्यांच्या. पाहुणा आला की त्याला घर भरलेलं दिसलं पाहिजे. सण झाला की ज्याचं त्याला. कुणी मागत नाही, कुणी नाही म्हणत नाही. तिच्या मोजणीलाही गावाने असंच उसनं दिलं होतं.

"कुठून आणल्या?" तिने विचारलं.

"ला मान्सामधून, गेल्या आठवड्यात. तिथं एवढ्या लांब, रस्ता ओलांडून कोण बघायला जातंय? इथं गावासमोर भरलेलं दिसलं की झालं."

"ला मान्सात माझ्या आठ चौकटी आहेत, पाद्रीनो."

"हो?" फिलो म्हणाला. "मग तिथल्या जरा कमी निघतील."

---

कमी नव्हे. दुसऱ्या दिवशी ती रस्ता ओलांडून, गुडघाभर चिखलातून चालत ला मान्सात गेली, तेव्हा पहिल्या तीन चौकटींत मिळून चार पिंता होत्या. नोव्हेंबरमध्ये तिथे चौकटीमागे अकरा होत्या. गावासमोरच्या, पश्चिमेच्या दलदलीपेक्षा जास्त. पिंतेचं खरं घर तेच असावं, असं तिने पहिल्या टिपणात लिहिलंही होतं.

पाचव्या चौकटीपाशी नारिंगी जाकिटं घातलेले दोघे उभे होते. एकाच्या हातात जाळी, दुसऱ्याच्या हातात फळीवर लावलेला कागद. कंपनीच्या वतीने सर्वेक्षण करणारे. तरुण होते, सभ्य होते, थंडीने नाक लाल झालेलं.

"तुम्ही निन्फा ना?" फळीवाल्याने हात पुढे केला. "आम्ही चार दिवस रोज सकाळी येतोय. आत्तापर्यंत सात बेडूक. पाण्याचं तापमान, वेळ, सगळं तुमच्याच पद्धतीनं. तुमच्या पलीकडच्या चौकटींत मात्र साठ-साठ आहेत म्हणे?"

"कोण म्हणालं?"

"दुकानात सगळेच सांगतात. फार अभिमानानं." तो हसला. "आमचं काम सोपं झालं. इथे नाहीत, तिथे भरपूर आहेत. अहवालात तुमचाच आकडा देऊ, तुमच्या नावासह."

त्या संध्याकाळी तिने नोव्हेंबरचे आणि आताचे फोटो शेजारी शेजारी ठेवून ठिपके जुळवले. पश्चिमेच्या चौकटींतले साठ फोटो. त्यांतल्या चौदा पिंता नोव्हेंबरमध्ये ला मान्सात होत्या. ला मान्सातल्या चौकटींबाहेरच्या पिंतांचे फोटो तिने काढलेच नव्हते, तेव्हा त्या कोण आणि किती, हे कुणालाच सांगता येणार नव्हतं.

तिने तोलुकाला, तिला शिकवणाऱ्या उर्रुतिया मॅडमना फोन केला. मॅडमनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"जानेवारीची मोजणी बाद," त्या म्हणाल्या. "आणि कंपनीचीही बाद व्हायला हवी. पण ते माझ्या-तुझ्या शब्दावर होणार नाही. यादी तपासणारी समिती म्हणेल, मुलगी गावची, आकडा आवडला नाही म्हणून कथा रचली. बेडूक हलवले असं ज्यानं हलवले त्यानं लिहून दिलं पाहिजे. कुणी, कुठून, केव्हा, किती. सहीनिशी. मग नोव्हेंबरचा आकडा धरता येईल."

"आणि सही नाही मिळाली तर?"

"तर जुना रकाना कायम. पुढची तपासणी सात वर्षांनी."

स्वयंपाकघरात आई उद्याच्या सणासाठी तमालचं, मक्याच्या पानात वाफवायच्या वड्यांचं, पीठ फेटत होती. निन्फाने तिला सांगितलं तेव्हा तिने हात थांबवला नाही.

"परत नेऊन सोडू की मग," ओतिलिया म्हणाली. "खुर्च्या नाही का परत जात?"

"त्यांनी इथे अंडी घालायला सुरुवात केलीय, आई. आता उचलल्या तर तीही गेली."

आईने पिठाचा गोळा पाण्यात टाकला. तरंगला. पीठ झालं होतं, तरी ती फेटत राहिली. मग म्हणाली, "मी सैलच बांधल्या होत्या. फिलोला काय कळतंय गाठीतलं!"

---

गावाची सभा सणानंतरच्या रविवारी, चर्चमधून बाहेर पडल्यावर शाळेच्या व्हरांड्यात भरली. निन्फाने उभं राहून जे झालं ते सांगितलं. कुणाला दोष दिला नाही. फक्त पिंता कुठून कुठे गेल्या, नारिंगी जाकीटवाले काय लिहून नेणार आणि ला मान्साचं काय होणार, ते सांगितलं.

पहिल्यांदा त्रांकिलीना बोलली. ती गावातली सर्वांत जाडी आणि सर्वांत स्पष्ट बोलणारी बाई.

"म्हणजे आम्ही चांगलं करायला गेलो आणि चोर ठरलो?"

"चोर कुणी म्हटलं नाही, मावशी."

"मी तर माझ्या सगळ्यांत धष्टपुष्ट दिल्या. शेजारणीनं काय दिलं ते विचारा. वाळलेल्या चिंचेसारख्या होत्या!"

"तुझ्या धष्टपुष्ट असणारच," मागून कुणीतरी म्हणालं, "घरचं पाणीच तसं आहे."

हशा झाला. गावचा प्रमुख कासिमिरो हसला नाही. टोपी मांडीवर ठेवून तो सगळं शांत होण्याची वाट बघत होता.

"एक गोष्ट लक्षात घ्या," तो म्हणाला. "नाताळापासून राखेच्या बुधवारापर्यंत, उपवासाचे दिवस लागेपर्यंत, पाण्यातून बेडूक काढायचा नाही, हा आपलाच नियम आहे. सरकारचा नाही, आपल्या आज्या-पणज्यांचा. जो काढील त्याची होडी वर्षभर पालथी. रोसालेसच्या बापाची केली होती, आठवतंय? आता निन्फाला सह्या हव्यात. चाळीस घरं सही करतील तर चाळीस होड्या पालथ्या होतील. मग लव्हाळा कापायचा कुणी, चटया विणायच्या कशाच्या?"

"पण खाल्ल्या कुठं?" ओतिलिया उठून म्हणाली. "नुसत्या नेऊन बसवल्या."

"पाण्यातून काढल्या ना?"

"काढल्या."

"मग?"

निन्फाला वाटलं होतं, प्रश्न पटवून देण्याचा आहे. ला मान्सा काय आहे हे समजलं की लोक सही करतील. लोकांना सगळं समजलं होतं. तिच्याकडे न बघता ते आपापल्या बोटांकडे बघत होते आणि त्यांचं चुकतंय असं तिला म्हणता येत नव्हतं. नियम नसता तर या पिंता केव्हाच ताटांतून संपल्या असत्या, हे तिने स्वतःच अहवालात लिहिलं होतं.

मग फिलो उठला. त्याने आधी टोपी काढली, मग पुन्हा घातली.

"मी आणल्या," तो म्हणाला. "यंदा यजमान मी. यजमानानं घर भरायचं असतं. मी एकट्यानं आणल्या."

"फिलो," कासिमिरो म्हणाला.

"सही करायला शिकलोय मी. उशीर लागतो एवढंच."

सगळं गाव तिथे होतं आणि सगळ्या गावाला माहीत होतं. त्रांकिलीनाने तोंडावर पदरासारखी शाल ओढली. ओतिलिया उभीच होती, तिने खुर्चीची पाठ धरली, काहीतरी बोलायला तोंड उघडलं. शेजारणीने तिचा झगा खाली ओढला आणि ती बसली. दुसरं कुणी उठलं नाही.

निन्फाने कागद पुढे ठेवला. पेन्सिलीऐवजी पेन घेतलं. नाव. कुठून. केव्हा. तो सांगत गेला, ती लिहीत गेली.

"किती?"

"सगळ्या."

"आकडा लागतो, पाद्रीनो."

"लिही चारशे," कासिमिरो म्हणाला. "गोल आकडा आहे. शंका घेणार नाहीत."

चारशे कदाचित बरोबरही असेल. चाळीस माळा, माळेला दहा. पण एक म्हातारा आठवड्यात चारशे पिंता पकडून, बांधून, रस्ता ओलांडून नेऊ शकत नाही, हे कुणीही गणित घालून सांगितलं असतं. आणि आकडा मोजलेला नव्हता.

"न मोजलेलं मी लिहिणार नाही," ती म्हणाली आणि 'किती' या शब्दापुढे लिहिलं: सांगणाऱ्याच्या शब्दांत, 'सगळ्या'.

फिलोने सही केली. खरंच उशीर लागला. शेवटच्या अक्षरावर त्याने पेन इतकं दाबलं, की कागद फाटतो की काय असं वाटलं.

अहवालाबरोबरचं पत्र लिहायला तिला तीन दिवस लागले. अडलं ते एकाच वाक्यावर: 'हे स्थलांतर एका व्यक्तीने केले.' ते खोटं होतं. 'अनेक व्यक्तींनी केले' हे खरं होतं, आणि ते लिहिलं असतं तर फिलोने व्हरांड्यात जे केलं ते तिने स्वतःच्या हाताने पुसलं असतं. शेवटी तिने 'सोबत जोडलेल्या निवेदनानुसार' एवढेच शब्द लिहिले आणि पुढे पूर्णविराम दिला. चौदा जुळलेल्या पिंतांचे फोटो जोडले. आपल्याला माहीत असलेली गोष्ट तिने अहवालातून वगळण्याची ही पहिली वेळ होती. पत्र बंद करून झाल्यावरही ती बराच वेळ डिंक सुकलाय का ते बोटाने बघत बसली.

उर्रुतिया मॅडमचा फोन आठ दिवसांनी आला. समितीने निवेदन दाखल करून घेतलं होतं. निर्णय नव्हता. रकाना बदलायचा की नाही ते ठरवण्याआधी ला मान्साची मोजणी मार्चअखेरपर्यंत दर आठवड्याला हवी होती. तोवर भरावाचं काम थांबणार होतं.

"मार्चपर्यंत परत येतील का त्या?" मॅडमनी विचारलं.

"माहीत नाही," निन्फा म्हणाली. "आजवर कुणी बघितलेलं नाही."

मार्चच्या पहिल्या मंगळवारी ती रोसालेस भावांची होडी मागून एकटीच निघाली. ला मान्सात आता चालत जाण्याइतका चिखल घट्ट नव्हता. काठावर फिलो बसला होता. त्याला यंदा पाण्यावर जायची मुभा नव्हती.

"डावीकडं दाब!" तो ओरडला. "डावीकडं! अगं, ती काठी आहे, पळी नाही, ढवळतेयस काय?"

होडी गोल फिरली. निन्फाने काठी उपटली, पुन्हा रोवली. पायजमा मांडीपर्यंत भिजला.

"कंबर वापर! तोलुकात कंबर ठेवून आलीस का?"

"तुम्ही ओरडू नका हो, बेडूक पळतील!"

"असले तर पळतील ना!" तो म्हणाला आणि त्याने टोपी डोळ्यांवर ओढून घेतली.

त्यानंतर होडी सरळ चालायला लागली. आठही चौकटी संपायला तीन तास गेले. प्रत्येकीत तिने दोनदा पाहिलं. लव्हाळ्याच्या बुडख्यांपाशी हात घालून, अंड्यांचे पुंजके चाचपून. वहीत वेळ लिहिली, पाण्याचं तापमान लिहिलं, वारा लिहिला.

परत आली तेव्हा फिलो तिथेच होता. त्याने दोर झेलला, होडी ओढून घेतली, तिला हात देऊन उतरवलं.

"किती?"

"शून्य."

"आठही बघितल्यास?"

"आठही."

त्याने दोर खुंट्याला गुंडाळला, गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली.

"पुढच्या मंगळवारी जरा उशिरा निघ," तो म्हणाला. "आज गारठा होता. ऊन वर आल्याशिवाय त्या बाहेर येत नाहीत."

आज ऊन वेळेवर आलं होतं. तिच्या वहीत नोंद होती.

"बरं, पाद्रीनो," ती म्हणाली. "उशिरा निघते."